कोणता टोमॅटो अधिक पिकतो?

रायपूरला दिवाळी आटोपली की सकाळच्या हवेत किंचित गारवा येतो आणि आमच्या गल्लीत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा टोमॅटोची कोणती रोपे लावावीत? प्रश्न साधा आहे. परसात चार वाफे राखणाऱ्या कोणाही गृहस्थाला त्याचे उत्तर देता यावे. मीही ते एकदा मोठ्या आत्मविश्वासाने दिले होते. पाठीशी आकडे होते, वहीत नोंदी होत्या, आणि अर्थशास्त्राची एम. ए. करताना संख्याशास्त्राची एक प्रश्नपत्रिका बऱ्या गुणांनी सोडवल्याचा जुना अभिमानही होता. माझ्या त्या उत्तरावर विसंबून शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी बारा रोपे लावली. संक्रांतीपर्यंत त्यांतली आठ वाळून गेली. त्या गृहस्थांनी मला बोल लावला नाही. फक्त, "साहेब, आपल्या वहीत काय लिहिले होते ते एकदा दाखवा," असे म्हणाले. ती वही त्यांच्यापुढे उघडल्यावर माझे मलाच जे दिसले, ते आज सांगायचे आहे.

प्रथम परसाविषयी थोडे. छत्तीसगढच्या मैदानातला शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो : काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोहोंच्या मधली डोरसा, आणि मुरमाड, लालसर, हलकी ती भाठा. आमच्या परसातल्या मातीला यांपैकी एकही नाव पूर्णपणे लागू पडत नाही. घर बांधताना पडलेला राबीट, कोणी तरी आणून टाकलेली तलावातली गाळाची माती आणि वर्षानुवर्षे पडलेला पालापाचोळा यांचे ते मिश्रण आहे. पूर्वेला नळ, मध्ये मोरीच्या पाण्याचा पाट, पश्चिमेला उंच भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा आंबा. दुपारी दोनच्या पुढे भिंतीलगतच्या वाफ्यांवर आंब्याची सावली पडते. ही बारीकसारीक माहिती कंटाळवाणी वाटेल; पण पुढे सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

टोमॅटोच्या तीन जाती मी निवडल्या होत्या. पहिली पुसा रुबी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दिलेली, आपल्या वडिलांच्या पिढीलाही परिचित असलेली. तिचे फळ थोडे चपटे, कडांशी किंचित पन्हळीदार आणि चवीला आंबट. लागवडीनंतर साठ-पासष्ट दिवसांत तोडणीला येणारे. दुसरी अर्का विकास. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'टिप-टॉप' नावाच्या अमेरिकन जातीतून निवड करून काढलेली. तिसरी त्याच संस्थेची अर्का रक्षक. ही संकरित जात असून पानांचा चुरडामुरडा, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्ही रोगांना ती तोंड देते, म्हणून तिचे नाव रक्षक. हेक्टरी उत्पन्नाचे जे आकडे सांगितले जातात ते असे : पुसा रुबीचे सुमारे ३० टन, अर्का विकासचे ३५ ते ४०, अर्का रक्षकचे ७५ ते ८०.

या आकड्यांचा परसातल्या माणसाला काय उपयोग, ते पाहण्यासाठी एक छोटेसे गणित करू. रोपे एकमेकांपासून मीटरभर आणि साठ सेंटिमीटर अशा अंतरांनी लावली, तर एका हेक्टरात सुमारे १६,६०० रोपे बसतात. ७५ टनांना या संख्येने भागले की रोपामागे साडेचार किलो येतात. काही वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांनी याच जातीच्या एका झाडाला १९ किलो टोमॅटो लागल्याची बातमी मोठ्या कौतुकाने छापली होती. ती खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण शाळेतला पहिला आलेला मुलगा म्हणजे शाळेची सरासरी नव्हे. प्रत्येक झाड तेवढे देऊ लागले तर हेक्टरी तीनशे टनांहून अधिक टोमॅटो निघाले असते, आणि ते ठेवायला गावात जागा उरली नसती. शिवाय यांतले विकास आणि रक्षकचे आकडे बंगळूरसारख्या, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या, बारमाही सौम्य हवेत घडवलेल्या वाणांचे आहेत. रायपूर तीनशे मीटरांच्या आसपास. येथे टोमॅटोला खरी मानवणारी हवा जेमतेम साडेतीन-चार महिने असते. रात्रीचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असेल तेव्हा फळ चांगले धरते. होळीनंतर दिवस पस्तिशीपलीकडे गेले की फुले येतात खरी, पण देठापासून गळून पडतात. पावसाळ्यात लावावे तर पांढरी माशी आणि साचलेले पाणी ही दोन्ही संकटे उभी. तेव्हा ऑक्टोबरअखेर लावायचे आणि मार्चअखेर वही मिटायची, हे येथले वेळापत्रक.

पहिल्या वर्षी मी प्रत्येक जातीची पाच रोपे एका ओळीत लावली. भिंतीलगत रक्षक, मध्ये मोरीच्या पाटाशी विकास, आणि नळाकडे रुबी. अशा सरळ ओळी डोळ्यांना बऱ्या दिसतात, पाट्या लावायला सोप्या जातात. प्रत्येक तोडणीची फळे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत मांडली. मार्चअखेर हिशेब झाला तो असा : रक्षकची पाचही झाडे उभी होती, त्यांनी मिळून साडेएकोणीस किलो दिले. रुबीचे एक मेले, चार झाडांवर दहा किलो आले. विकासची तीन मेली. उरलेल्या दोहोंनी मात्र अकरा किलो दिले. मी भागाकार केला. रक्षक झाडामागे ३.९ किलो, रुबी २.५, विकास साडेपाच! विकासचा जयजयकार करून मी शेजाऱ्यांना तिची रोपे वाटली.

चूक आपल्या लक्षात आली असेल. मी अकराला दोनाने भागले. भागायला हवे होते पाचाने. लावलेल्या रोपामागे विकासचे उत्पन्न २.२ किलो होते, रुबीचे २, आणि रक्षकचे तेच ३.९. मेलेल्या झाडांना मी हिशेबातून वगळले होते. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. कारण जी दोन झाडे जगली, त्यांनी साडेपाच-साडेपाच किलो दिले कसे? त्यांच्या दोन्ही बाजूंची भावंडे नोव्हेंबरातच गेली होती. त्यांच्या वाट्याचे ऊन, पाणी, शेणखत, वाऱ्याला मोकळी जागा हे सारे या दोघांना मिळाले. मृतांच्या इस्टेटीवर ती दोघे गब्बर झाली, आणि मी त्यांच्या श्रीमंतीचे श्रेय घराण्याला दिले.

मला या गोष्टीची लाज वाटते ती एका निराळ्याच कारणाने. महसूल खात्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. पीक कापणी प्रयोग हा आमच्या कामाचा नित्याचा भाग. महाराष्ट्रात ज्याला पैसेवारी म्हणतात, त्याला येथे अजूनही अनावरी म्हणतात. तिच्याशी दुष्काळाची सवलत निगडित असते. आणि २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत धानासारख्या पिकाचे गावचे सरासरी उत्पन्न ठरवण्याचा आधार हे कापणी प्रयोगच झाले. ग्रामपंचायतीतली मोजकी शेते चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडायची, निवडलेल्या शेतात पुन्हा त्याच पद्धतीने एक कोपरा ठरवायचा, ठरलेल्या मापाचा चौकोन दोरीने आखायचा, आतले पीक कापून, मळून तोलायचे. एवढ्याशा धान्यावर गावातल्या प्रत्येक कुटुंबाची भरपाई अवलंबून राहते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका तहसिलीत असताना एक तरुण पटवारी माझ्याकडे आला. चिठ्ठीत जे शेत निघाले होते, त्यात धान पेरलेले होते, पण पाण्याअभावी सगळे करपून गेले होते. कापायला काही नव्हते. शेजारचे शेत बरे होते; तेथे दोरी आखू का, असा त्याचा प्रश्न होता. त्याच्या मनात कपट मुळीच नव्हते. रिकाम्या शेतात मोजायचे काय, अशी त्याची प्रामाणिक अडचण होती. मी त्याला समजावले की पीक पेरलेच नसेल तर शेत बदलता येते. पेरले आणि गेले, तर शून्य हेच त्या शेताचे उत्पन्न, आणि ते रकान्यात लिहिलेच पाहिजे. ते शून्य वगळले तर गावाची सरासरी फुगते, आणि ज्यांच्या घरी दाणा आला नाही त्यांच्याच हातून भरपाई निसटते. ही गोष्ट मी त्याला अधिकारवाणीने सांगितली होती. तोच मी, घरी आल्यावर तीन मेलेली रोपे उपटून कचऱ्यात टाकली आणि वहीत त्यांच्यापुढे रेघ ओढली.

या शास्त्राची आपल्याकडची पायाभरणी करणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत कापसावर काम केलेले विनायक गोविंद पानसे. या दोघांनी मिळून लिहिलेला शेतीसंशोधकांसाठीचा संख्याशास्त्रीय पद्धतींवरचा इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला; कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्यांनी तो झिजवला. सुखात्मे १९५१ पासून राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्याआधी, १९४६ साली, 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी एक टिपण लिहिले होते. पिकाच्या अंदाजासाठी फार लहान तुकडे कापले तर उत्पन्न वास्तवाहून अधिक भासते, हा त्यातला मुद्दा. कारण मोठे मार्मिक आहे. दोरीच्या नेमक्या रेषेवर जी रोपे येतात, ती आत धरायची की बाहेर, याचा निर्णय कापणारा माणूस करतो. आणि माणसाचा हात भरलेले कणीस नकळत आत ओढतो. तुकडा जेवढा लहान, तेवढी त्यात कड अधिक, आणि कड अधिक म्हणून चूकही अधिक.

परसातली बाग म्हणजे तर नुसती कडच. शेताच्या मध्यभागी दाटीने वाढणारे झाड तेथे नसतेच. प्रत्येक झाडाला कोठून तरी मोकळी हवा, भिंतीचा आडोसा किंवा मोरीचे पाणी मिळते. म्हणून, आमच्या गच्चीवर एका कुंडीत अमुक किलो निघाले, असे कोणी सांगितले की ते ऐकून आनंद मानावा. पण त्याला एकराने गुणू नये, आणि आपल्या कुंडीशी त्याची तुलनाही करू नये. तुलना करायची तर एकाच परसात, एकाच हंगामात, आणि जागेचा पक्षपात सर्वांना सारखा वाटून.

तो कसा वाटायचा, हे इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी दाखवून दिले. तत्त्व आपल्या स्वयंपाकघराला समजेल इतके सोपे आहे. जमिनीचे साधारण सारख्या गुणाचे पट्टे पाडावेत. प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक जातीला एक जागा द्यावी. आणि पट्ट्यातली कोणती जागा कोणाला, हे आपण न ठरवता चिठ्ठ्यांवर सोपवावे. आपण ठरवायला गेलो की आवडत्या रोपाला नळाजवळची जागा मिळते. आपल्याला ते कळतही नाही.

दुसऱ्या वर्षी मी तसे केले. मोरीचा पाट सोडून परसाची दुसरी बाजू घेतली, नळापासून भिंतीपर्यंत चार पट्टे आखले, प्रत्येकात तीन खुणा केल्या. चिठ्ठ्या माझ्या मुलीने काढल्या. रक्षकला दोनदा पट्ट्यातली चांगली जागा मिळाली तेव्हा ती पुन्हा काढू या म्हणाली, आणि ते का चालणार नाही हे समजावण्यात अर्धा तास गेला. बारा रोपे लागली. मेलेल्या रोपापुढे शून्य लिहायचे, हे या खेपेला वहीच्या पहिल्या पानावरच नमूद केले.

नळाकडून भिंतीकडे जाताना रक्षकच्या चार झाडांनी ५.४, ४.६, ३.६ आणि २.२ किलो दिले. विकासचे ५, ३.९, मग एक शून्य, आणि भिंतीजवळ २. रुबीचे ३.३, नंतर शून्य, नंतर २.३ आणि १.२. एकूण रक्षक १५.८, विकास १०.९, रुबी ६.८ किलो. बारा झाडांच्या नोंदीवरून देशाला सल्ला देऊ नये हे खरे. पण माझ्या परसापुरत्या दोन गोष्टी मला त्यात लख्ख दिसल्या.

पहिली ही की नळाजवळच्या तीन झाडांनी मिळून १३.७ किलो दिले आणि भिंतीजवळच्या तिघांनी ५.४, म्हणजे अडीचपट फरक. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत कमी पिकणाऱ्या जातींतला फरक इतका नाही. नळाजवळची रुबी भिंतीजवळच्या रक्षकहून जास्त पिकली. बियाण्याच्या दुकानात तासभर घालवण्यापेक्षा शेजाऱ्यांना विनंती करून आंब्याची एक फांदी छाटून घेतली असती, तर लाभ मोठा झाला असता. (ती विनंती मी अद्याप केलेली नाही. ज्यांची आठ रोपे माझ्यामुळे वाळली, तेच त्या आंब्याचे मालक.)

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या पट्ट्यांत रक्षक आणि विकास दोन्ही जिवंत राहिल्या, तेथे त्यांच्यातले अंतर अगदी थोडे आहे : ०.४, ०.७ आणि ०.२ किलो. एवढा फरक एखाद्या फाटक्या पानाने किंवा चुकलेल्या पाण्यानेही पडतो. दोघींच्या एकूण उत्पन्नात जे जवळजवळ पाच किलोंचे अंतर आहे, त्यातला बहुतेक भाग त्या एका शून्याचा आहे. म्हणजे आमच्या परसात रक्षक अधिक पिकते, ती मुख्यतः अधिक फळे धरते म्हणून नव्हे, तर मरत नाही म्हणून.

ते मरण कशाचे, हेही पाहून घेतले. हिरवेगार झाड दोन दिवसांत पाने पिवळी न पडता एकाएकी मान टाकते. पाणी घातले तरी उठत नाही. अशा झाडाचे खोड बुंध्याजवळ कापावे आणि तो तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा टांगून धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार संथपणे खाली उतरू लागली, तर ती जिवाणूजन्य मर. दोन्ही मेलेल्या झाडांच्या बाबतीत ती उतरली. हे जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात, मुळांच्या जखमांतून आत शिरतात आणि पाण्याच्या नळ्या तुंबवतात; मग पाणी असूनही झाड तहानेने मरते. वाहत्या पाण्याबरोबर आणि कुदळीला चिकटलेल्या मातीबरोबर ते या वाफ्यातून त्या वाफ्यात जातात, हे कळल्यावर मोरीच्या पाटावर वापरलेली कुदळ मी न धुता दुसऱ्या बाजूला नेली होती, हेही आठवले. वांगी, मिरची, बटाटा हे टोमॅटोचे सगेसोयरे असल्याने त्याच जागी त्यांची पाळी लावून काही साधत नाही. औषध असे नाही. जागा बदलावी, पाणी साचू देऊ नये, आणि त्या मातीत मूळ धरून राहणारी जात लावावी.

आता ज्यांच्या मातीत ही मर नाही, त्यांनी रक्षकच्या मागे का लागावे? विकास त्यांना जवळजवळ तेवढेच देईल, आणि तिचे बी घरी धरता येईल. रक्षक संकरित असल्यामुळे तिच्या फळातले बी पेरले तर मुले आईसारखी निघत नाहीत. दर वर्षी बी विकतच आणावे लागते. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धनश्री आणि भाग्यश्री या जातीही चिठ्ठीत घालाव्यात. रायपूरकरांना तर इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ दाराशीच आहे. मातीचा नमुना घेऊन तेथे जायला मला मात्र दोन वर्षे लागली.

एक स्पर्धक मी चिठ्ठीत घातला नव्हता. नळाच्या मागे, कोणी न लावता, बोराएवढ्या फळांचे एक देशी झाड उगवले होते. विदर्भातल्या आमच्या आजोळी टोमॅटोला भेदरे म्हणत. येथे छत्तीसगढीत पताल म्हणतात. घरी कामाला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला की तुमचे ते मोठे पताल भाजीला ठीक, चटणीला हेच. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालून पाट्यावर रगडलेली ती आंबट चटणी खाल्ल्यावर त्यांच्याशी वाद घालणे अवघड आहे. त्या झाडाची फळे तोलली गेली नाहीत, कारण ती काट्यापर्यंत कधी पोचलीच नाहीत. माझ्या वहीत त्याच्यापुढे काही लिहिलेले नाही; शून्यही नाही.

किलोंचा हिशेब घरासाठी पुरा पडत नाही, हे त्यामुळे ध्यानात आले. रुबी वजनात शेवटची. परंतु नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात घरात पहिले पिकलेले फळ तिचेच आले, बाकीच्यांना आणखी दहा-बारा दिवस लागले. उलट फेब्रुवारीत तिघींनाही एकदम बहर येतो. त्याच सुमारास दुर्ग जिल्ह्यातल्या धमधा भागातून आणि जशपूरकडच्या पत्थलगाव भागातून टोमॅटोच्या गाड्या बाजारात लोटतात, आणि भाव कोसळला की तोडणीची मजुरीही न सुटल्यामुळे शेतकरी माल रस्त्यावर ओततात. अशा दिवसांत परसातला जास्तीचा किलो कोणाला द्यावा, हाच प्रश्न पडतो. शेजारीपाजारीही दार उघडत नाहीत.

यंदाच्या चिठ्ठ्या तयार आहेत. पट्टे चाराचे सहा केले आहेत, रुबी अठरा दिवस आधी लावायची असे ठरवले आहे, आणि कुदळ प्रत्येक वेळी धुवायची आहे. निवृत्त शेजाऱ्यांना मी सहा रक्षक देऊ केली. त्यांनी ती घेतली. पण तीन विकासही मागून घेतली, आणि ती आपल्या अंगणात कोठे लावायची हे माझ्या मुलीकडून चिठ्ठी काढून ठरवून घेतले.